फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर नेताना

(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आपण एरवी बेणेप्रक्रिया, खोडवा, हुमणी अशा गोष्टींवर बोलतो. या अंकातला विषय जरा वेगळा आहे, पण तो शेताबाहेरचा नाही. उसाच्या कामातला बराचसा कागद आता फोनमध्ये गेला आहे. ई-पीक पाहणी २०२१ सालापासून राज्यभर फोनवरून होऊ लागली. २०२२ साली साखर आयुक्तालयाचे 'महा-ऊसनोंदणी' ॲप आले. डिजिटल सहीचा सातबारा पीडीएफ होऊन फोनमध्ये उतरतो. माती परीक्षणाचा अहवाल, लागणीचे फोटो, ठिबकाचे बिल, सगळे आपल्या खिशात असते. मात्र अर्ज भरायचा, छापील प्रत काढायची किंवा कायमचे जपून ठेवायचे म्हटले की हे सारे कॉम्प्युटरवर न्यावे लागते. आणि नेमकी तिथेच गाडी अडते.

त्यात आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. ऊस घाटावर आणि कॉम्प्युटर घाटाखाली, अशी कित्येक घरांची स्थिती आहे. कोणाचा मुलगा मुरबाडच्या एमआयडीसीत, तर कोणाची लेक शहापुरात दिलेली. "पोराकडे गेलो की करून घेऊ" म्हणून माणूस फोन घेऊन घाट उतरतो. तिथे फोन जोडला जात नाही, आणि दोन दिवस राहून तसाच परत येतो. अशाच दोन हकीकती माझ्यासमोर घडल्या. त्यांतून मी जे शिकलो ते या पाठात मांडतो.

मुरबाडची हकीकत

गेल्या हंगामात आपल्या एका सभासदांचा सव्वा एकर ऊस जळाला. त्यांना आपण तात्या म्हणू. वाऱ्याने विजेच्या तारा एकमेकींना घासल्या, ठिणगी पडली आणि पाचट पेटले. जळीत ऊस थांबवून ठेवता येत नाही हे आपण जाणता. वजन घटते, उताराही घटतो. म्हणून गट कार्यालयाने तो अग्रक्रमाने तोडून दोन दिवसांत गाळपाला आणला. ते योग्यच झाले. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की तिसऱ्या दिवशी शेतात दाखवायला काही उरले नाही. पंचनाम्याचा कागद आणि तात्यांच्या फोनमधले ३४ फोटो, एवढाच काय तो पुरावा.

नुकसानभरपाईच्या अर्जाला फोटो मोठे छापून जोडायचे होते, आणि मूळ फाइली पेनड्राइव्हवर हव्या होत्या. तात्या माळशेज उतरून मुरबाडला लेकीकडे गेले. मीही एका लग्नासाठी सरळगावला होतो. दुपारी त्यांचा फोन आला, "साहेब, फोन लावला तर चार्ज होतोय, पण कॉम्प्युटर त्याला ओळखच देईना."

मी पोहोचेपर्यंत जावईबापूंनी बरीच खटपट केली होती. शेजाऱ्याची केबल आणून लावली, त्या केबलने फोन दिसला. मग त्यांनी सगळे फोटो 'कट' करून कॉम्प्युटरवर 'पेस्ट' केले. केबल सैल होती. काम चालू असतानाच नातवाचा पाय लागला आणि ती निघाली. हिशेब केला तेव्हा ३१ फोटो शाबूत, दोन अर्धे राखाडी उघडत होते आणि एक फोटो फोनमध्येही नव्हता, कॉम्प्युटरवरही नव्हता. तो नेमका खांबावरच्या तारांचा, जवळून काढलेला.

तात्या काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. मला मात्र राहून राहून वाटले, की पाच मिनिटांची माहिती आधी दिली असती तर हा फोटो वाचला असता. म्हणून हा पाठ.

मोटार पाणी ओढत नाही तेव्हा आपण काय करतो?

विहिरीवरची मोटार पाणी टाकेनाशी झाली तर आपण लगेच मोटार खोलत नाही. आधी लाइट आहे का बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग फूटव्हॉल्व्ह. एकेक कडी तपासत जातो. फोन आणि कॉम्प्युटर यांचेही तसेच आहे. मध्ये चार कड्या आहेत: केबल, कॉम्प्युटरचे भोक म्हणजे पोर्ट, फोनची परवानगी आणि कॉम्प्युटरमधली ओळख. याच क्रमाने तपासावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पहिली कडी : केबल

साध्या यूएसबी केबलच्या पोटात चार तारा असतात. दोन विजेसाठी आणि दोन माहितीसाठी. काही स्वस्त केबलींत माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. त्या फक्त चार्जिंगपुरत्या. अशी केबल लावली की फोन चार्ज होतो आणि कॉम्प्युटरला मात्र काही कळत नाही. तात्यांची पहिली केबल याच जातीची निघाली. बाहेरून दोन्ही केबली सारख्याच दिसतात, म्हणून माणूस फसतो.

"चार्ज होतोय म्हणजे केबल चांगली आहे" हा समज आधी सोडून द्या. चार्जिंग म्हणजे निम्मीच परीक्षा. फोनसोबत डब्यात आलेली केबल जपून ठेवावी, तिला खुणेचा दोरा बांधावा आणि फोटो नेण्यासाठी तीच वापरावी. नवी घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारावे, "डेटा केबल आहे का?" जुनी केबल टोकाशी वाकवली असता फोन चार्जिंग सोडतो-धरतो असे झाले, तर ती फोटोच्या कामाला वापरू नये.

दुसरी कडी : पोर्ट

केबल चांगली असूनही दाखवत नसेल तर ती कॉम्प्युटरच्या दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा. टेबलाच्या कॉम्प्युटरला पुढच्यापेक्षा मागचे पोर्ट बरे, कारण ते थेट मुख्य पाटीवर असते. मध्ये जोडणीचा फाटा, म्हणजे हब, असेल तर तो काढून टाका. फोनच्या भोकात खिशातली धूळ, कापसाचा धागा साचतो आणि केबल पुरती आत बसत नाही. फोन बंद करून कोरड्या लाकडी काडीने हलक्या हाताने साफ करावे. सुई किंवा टाचणी घालू नये, फुंकरही मारू नये. तोंडातला ओलावा आत जातो.

तिसरी कडी : फोनची परवानगी

सर्वांत जास्त लोक इथे अडतात. पूर्वीचे फोन कॉम्प्युटरला लावले की पेनड्राइव्हसारखे आपोआप उघडत. २०१५ साली आलेल्या सहाव्या अँड्रॉइडपासून फोन केबल लावल्यावर फक्त चार्जिंग घेतो आणि मालकाने सांगितल्याशिवाय आतले काही दाखवत नाही. हे आपल्याच सुरक्षेसाठी आहे. कोणीही आपला फोन चार्जिंगला म्हणून घेऊन आतले फोटो काढून घेऊ नयेत, असा हेतू आहे.

तेव्हा असे करावे :

१. केबल लावा आणि फोनचे कुलूप उघडा. पडदा बंद असलेला फोन काही दाखवत नाही.

२. पडद्यावर वरून खाली बोट ओढा. 'यूएसबीने चार्ज होत आहे' अशा अर्थाची ओळ दिसेल. तिच्यावर बोट ठेवा. कधी दोनदा ठेवावे लागते.

३. पर्यायांच्या यादीत 'फाइल ट्रान्सफर' निवडा. काही फोनमध्ये त्याऐवजी 'एमटीपी' असे लिहिलेले असते. दोन्ही एकच.

४. 'परवानगी द्यायची का?' असे विचारले तर, कॉम्प्युटर आपल्या ओळखीचा असेल तरच 'अलाऊ' दाबा.

एवढे केले की कॉम्प्युटरवर 'धिस पीसी'मध्ये फोनचे नाव दिसते. ते उघडा, मग 'इंटर्नल स्टोरेज' उघडा. कॅमेऱ्याचे फोटो 'डीसीआयएम' या कप्प्यातल्या 'कॅमेरा' कप्प्यात असतात. सातबारा वगैरे उतरवलेले कागद 'डाउनलोड'मध्ये. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो नव्या फोनमध्ये खोलवर असतात: अँड्रॉइड, मग मीडिया, मग 'कॉम डॉट व्हॉट्सॲप', त्यात व्हॉट्सॲप, पुन्हा मीडिया. अनेकजण पहिल्याच कप्प्यात फोटो नाहीत म्हणून "फोन रिकामा दाखवतो" म्हणतात. फोन रिकामा नसतो, आपण दुसऱ्याच खोलीत शोधत असतो.

काही जाणकार पोरे 'यूएसबी डीबगिंग चालू करा' असे सांगतात. फोटो नेण्यासाठी त्याची गरज नाही. ते बंदच असू द्यावे.

चौथी कडी : कॉम्प्युटरमधली ओळख

केबल, पोर्ट, परवानगी सर्व ठीक असूनही फोन दिसत नसेल तर फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही एकदा बंद करून चालू करा. हसू नका, निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असा माझा तरी अनुभव आहे. त्यानेही भागले नाही तर कॉम्प्युटरमध्ये 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. फोनच्या नावापुढे पिवळी खूण असेल तर त्यावर उजवे बटण दाबून 'अनइन्स्टॉल' करा. मग केबल काढून पुन्हा लावा. कॉम्प्युटर फोनची नव्याने ओळख करून घेतो. याने फोनमधले काही पुसले जात नाही, फक्त कॉम्प्युटरमधली जुनी, बिघडलेली ओळख जाते. हे काम घरातल्या शिकलेल्या मुलामुलीकडून करून घेतले तरी चालेल, पण शेजारी बसून बघावे.

निम्म्यात अडते तेव्हा

फोन दिसतो, काम सुरू होते आणि मध्येच थांबते, याची कारणे बहुधा अशी असतात. एक, सैल केबल. दोन, फोनचा पडदा बंद होऊन कुलूप लागणे. तीन, कॉम्प्युटरवर जागा संपणे. चार, एकाच वेळी हजार-दोन हजार फोटो उचलणे. फाइल ट्रान्सफरच्या या पद्धतीत फोन एका वेळी एकच काम नीट करतो. एका मजुराच्या डोक्यावर दहा मोळ्या दिल्या तर तो बसणारच. पन्नास-शंभर फोटोंचे गट करून न्यावेत, आणि तेवढ्या वेळात फोनवर बोलू नये की व्हिडिओ बघू नये.

पेनड्राइव्हवर मोठा व्हिडिओ जात नाही आणि जागा तर भरपूर दिसते, असे झाले तर पेनड्राइव्हची आखणी जुनी आहे असे समजा. 'फॅट ३२' नावाच्या आखणीत ४ जीबीची किंवा त्याहून मोठी एक फाइल बसत नाही, पेनड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी. तो 'एक्सफॅट' आखणीत फॉरमॅट करून घ्यावा लागतो. फॉरमॅट केल्यावर आतले सर्व पुसले जाते, म्हणून आधी आतला माल दुसरीकडे ठेवावा.

शहापूरची हकीकत : आयफोनचे वेगळे

दुसऱ्या एका सभासदांचा मुलगा शहापूर तालुक्यात आसनगावजवळ नोकरीला आहे. सुट्टीत गावी येऊन त्याने ठिबक संचाचे फोटो आयफोनने काढले आणि शहापूरला परत गेल्यावर कॉम्प्युटरवर घेऊ लागला. दहा-बारा फोटो आले की 'जोडलेले उपकरण चालत नाही' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येई आणि काम थांबे. त्याने दोन केबली बदलल्या, तिसरीही विकत घेणार होता. इथे दोष केबलचा नव्हता.

आयफोन फोटो आपल्या खास 'एचईआयसी' प्रकारात साठवतो, आणि कॉम्प्युटरला देताना त्याचे नेहमीच्या 'जेपीजी'मध्ये रूपांतर करू बघतो. त्या गडबडीत दमतो आणि संबंध तोडतो. उपाय असा: फोनच्या सेटिंगमध्ये 'फोटोज' उघडा, अगदी खाली जा आणि 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी'खाली 'कीप ओरिजिनल्स' निवडा. फोटो आहेत तसे येतात, मध्येच तुटत नाही. जुन्या कॉम्प्युटरवर असे फोटो उघडले नाहीत तर ते उघडण्याची जोड कॉम्प्युटरमध्ये टाकून घ्यावी लागते. पुढचे फोटो मुळातच जेपीजी हवे असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'फॉरमॅट्स' आणि त्यात 'मोस्ट कंपॅटिबल' ठेवावे. आणि आयफोन प्रथम जोडताना 'ट्रस्ट' करायचे का असे विचारतो. तिथे 'ट्रस्ट' दाबून फोनचा आकडा टाकल्याशिवाय फोटो दिसत नाहीत.

"व्हॉट्सॲपवर टाकला की झालं"

हे वाक्य मी रोज ऐकतो. शुभेच्छांच्या फोटोला ते ठीक आहे, पुराव्याच्या फोटोला नाही. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या पोटात काढल्याची तारीख, वेळ आणि जागेची नोंद चालू असेल तर ठिकाणही लिहिलेले असते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो आवळून लहान होतो आणि ही पोटातली नोंद निघून जाते. म्हणजे वजनकाट्याची पावती फाडून नुसता ऊस दाखवण्यासारखे झाले.

केबल नसेलच, तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. तसा पाठवल्यास तो मूळ स्वरूपात जातो, नोंदही टिकते. एका वेळी २ जीबीपर्यंतची फाइल जाऊ शकते. पण डोंगरकडेच्या गावात नेट मधूनच जाते आणि मोठी फाइल तासभर फिरत राहते. अशा ठिकाणी केबलच बरी. ब्लूटूथने एखादा कागद पाठवावा. शंभर एमबीचा व्हिडिओ असेल तर सात-आठ मिनिटे किंवा जास्तही लागतात, तेवढ्याला केबलने काही सेकंद पुरतात. पूर्वी बरेच लोक 'शेअरइट' आणि 'झेंडर' वापरत. केंद्र सरकारने २९ जून २०२० रोजी बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये ही दोन्ही होती. कोणी त्यांच्या नावाची फाइल पाठवली तर फोनमध्ये टाकू नये. अँड्रॉइडमध्येच असलेले 'क्विक शेअर' विंडोज कॉम्प्युटरवरही घेता येते. त्याला नेटचा खर्च नाही, दोन्हीकडे ब्लूटूथ आणि वायफाय चालू लागते.

पाठाचे सार : आधी प्रत, मग पडताळा, मग पुसणे

वरचे सगळे विसरलात तरी चालेल, एवढे विसरू नका. फोटो कधीही 'कट' करून नेऊ नका. 'कॉपी' करा. कॉपीत मूळ बेणे फोनमध्येच राहते. केबल निघाली, लाइट गेली, कॉम्प्युटर बंद पडला तरी नुकसान नाही, पुन्हा सुरू करता येते. कट म्हणजे एका हातातून दुसऱ्या हातात फेकणे. झेलले तर ठीक, नाहीतर गेले.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडचे फोटो मोजा. आकडा जुळला पाहिजे. मग कॉम्प्युटरवरचे पाच-सहा फोटो, विशेषतः शेवटचा, उघडून पाहा. एखाद्या फोटोवर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिटेल्स' उघडले की काढल्याची तारीख दिसते का तेही बघा. त्यानंतर एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. पेनड्राइव्ह काढताना 'इजेक्ट' करूनच काढा. हे सर्व झाल्यावर, फोनमध्ये जागाच नसेल तर, फोनमधले पुसा. पुराव्याचे फोटो मात्र निकाल लागेपर्यंत फोनमधूनही पुसू नयेत.

दोन इशारेही देऊन ठेवतो. अनोळखी ठिकाणी, स्टँडवर किंवा दुकानात फोन चार्जिंगला लावताना 'फाइल ट्रान्सफर' निवडू नका. आणि "तुमचा फोन दुरुस्त करून देतो, हे ॲप टाका आणि आकडा सांगा" असा कोणाचा फोन आला तर तो ठेवून द्या. दुसऱ्याला आपला पडदा दिसला की बँकेचे खातेही दिसते. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

तात्यांच्या फोटोचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. आगीच्या दिवशी तात्यांनी खांबाचा तो फोटो आपल्या चिटबॉयला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. तो त्याच्याकडे सापडला. लहान झालेला, पोटातली तारीख गेलेली, पण निरोपावरची तारीख आणि वेळ शाबूत होती. तो निरोप आणि फोटो अर्जाला जोडला. मूळ फोटोइतके वजन त्याला नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरे. बाकीचे ३१ फोटो मूळ स्वरूपात दिले. अर्जाचा निकाल अजून यायचा आहे.

घाट चढून परत येताना तात्या म्हणाले, "ऊस जळाला तो आपल्या हातात नव्हता. फोटो मात्र आपल्याच हातानं घालवला." त्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आपल्यापैकी दुसऱ्या कोणावर ते म्हणण्याची पाळी येऊ नये, एवढीच इच्छा आहे.

ज्यांना हे करून बघायचे असेल त्यांनी गट कार्यालयात येताना फोन आणि केबल दोन्ही सोबत आणावे. केबल डेटाची आहे की नुसती चार्जिंगची, हे तिथेच दोन मिनिटांत तपासून देऊ.

आपला,
ऊस विकास अधिकारी